गोटाळीवरचा वाकडा गोटा

"उठला! आज अजून बोटभर उठला!"

फुलचंदबाबानं आरोळी ठोकली आणि माळावरच्या गर्दीनं असा गलका केला की बाभळीवरचे होले भुर्रकन उडून गेले. बायकांनी पदर सावरून हात जोडले, गड्यांनी टोप्या काढल्या, आणि ज्यांना मागून काहीच दिसत नव्हतं त्यांनीच सगळ्यात मोठ्यानं जयजयकार केला.

हा सगळा थाट होता एका गोट्यासाठी. नेरच्या पलीकडे खैरमाळ नावाचं गाव आहे. गावाबाहेर माळावर मोठमोठ्या गोट्यांचं, म्हणजे उभ्या दगडांचं, एक गोल कडं आहे आणि कड्याच्या आत मातीचा उंचवटा. गाव त्याला गोटाळी म्हणतं. तिथल्या निळ्या सरकारी फलकावर स्वच्छ मराठीत लिहिलंय, की फार जुन्या काळच्या माणसांनी आपली मेलेली माणसं इथं पुरली, ही जागा संरक्षित आहे, आणि तिचं नुकसान करणाऱ्याला शिक्षा होईल. बाबाच्या भक्तांनी या फलकालाही प्लास्टिकच्या झेंडूचा हार घातला होता. तो नेमका शिक्षेच्या ओळीवर आला होता.

कड्यातला एक गोटा छातीएवढा उंच, आणि मावळतीकडे वाकलेला. आजे-पणजे त्याला वाकलेलाच पाहत आले. तर तो गोटा, बाबा गावात आल्यापासून, हळूहळू सरळ होत होता. खरंच होत होता हो! डोळ्यांचा भास म्हणायचीही सोय नव्हती. बाबानं शेजारी बांबू रोवून गवंड्याचा ओळंबाच टांगला होता. ओळंब्याची दोरी आणि गोट्याचं डोकं यांच्यात आधी वीत मावायची, आता चार बोटं मावत होती.

"राजा झोपला व्हता बाप्पा!" बाबा छाती पिटून सांगत होता. "हजारो वर्सं झोपला व्हता. आता कूस पालटून राह्यला! वैशाखी पुनवेले गोटा सरळ उभा राहीन. आन् गोटा सरळ झाला का जगातलं सारं वाकडं सरळ! वाकडा पाय सरळ, वाकडं नशीब सरळ, वाकडी सून सरळ!"

सासवांच्या रांगेतून खसखस पिकली.

खाली कोण झोपलंय याचा मात्र बाबानं एकदाचा निकाल लावला नव्हता. कुणब्यांची मंडळी आली की खाली ऋषी असायचा. पांढरकवड्याकडचे गोंड पाहुणे आले की तोच राजा व्हायचा. बौद्धवाड्यातली माणसं दिसली की बाबा गळा मऊ करून म्हणायचा, "खाली जुने भंतेजी हायेत." जसं गिऱ्हाईक तसा मुर्दा. पुरलेला बिचारा बोलत नाही, म्हणून बरं.

गर्दीत मैत्रेयी उभी होती. ती नेरच्या शाळेत विज्ञान शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या म्हणून त्याच दिवशी भावाकडे आली होती. घराला कुलूप दिसलं, शेजारणीनं माळाकडे बोट दाखवलं, म्हणून ती भाचीला शोधत इथवर पोचली होती. भाची उर्वशी पुढच्या रांगेत, भर उन्हात बसली होती. ओठ सुकलेले, डोळे पिवळट. तिची आई कौसल्या तिला पेल्यातून गढूळ पाणी पाजत होती. गोट्याच्या पायाशी, उगवतीच्या बाजूनं, लोक रांगेनं मूठ मूठ माती उचलत होते. ती माती पाण्यात कालवून प्यायची, हे बाबाचं औषध.

मैत्रेयी संतापानं पुढे घुसली आणि जागच्या जागी थांबली. बाबाच्या उजव्या हाताला, सतरंजीवर, हात जोडून विठ्ठलराव गुरुजी बसले होते.

विठ्ठलराव गुरुजी! अंगात आलेल्या देवीला एकोणतीसचा पाढा विचारणारा माणूस. अख्ख्या खैरमाळला अक्षरओळख करून देणारा, आणि कोणी काही सांगितलं की आधी "काहून?", म्हणजे का, ते विचार, असं पोरांच्या डोक्यात भरवणारा. मैत्रेयी विज्ञानाकडे वळली ती यांच्यामुळे. गोटाळी सरकारी यादीत आली तीही यांनीच तालुक्यापासून नागपूरपर्यंत चपला झिजवल्या म्हणून. तिला पाहून गुरुजींनी डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं, ध्यान लागलं.

घरी आल्यावर मैत्रेयीनं फळीवरचा डबा उघडला. उर्वशीच्या गोळ्यांची पाकिटं होती तशी पडलेली.

उर्वशीला सिकलसेल आहे. आपल्या भागात हा आजार घरोघर ठाऊक आहे. रक्तातल्या लाल पेशी गोल असायच्या, त्या विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, आणि हाडं कोणी पिळावीत तसं पोर कळवळतं. रोजची गोळी, भरपूर पाणी, उन्हापासून जपणूक, हे सांभाळलं तर पोर शाळेत जातं, खेळतं. उर्वशी तशी खेळत होती.

"दादा, गोळ्या काहून बंद केल्या?"

भीमराज नेर-यवतमाळ काळीपिवळी चालवतो. अंगानं दांडगा, पण बहिणीपुढे तो जरा चाचरलाच. "बाबा म्हनते, गोळीनं रक्त अजून आखडते. गोटा सरळ झाला का पेशी बी सरळ होतीन. पुनवेले तिची बाज गोट्याच्या पायाशी ठेवाची हाये."

"आन् तू ऐकलं? बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ हायेत तुले!"

"मले बाबाचं काही कौतुक नाई. पहिल्या दिवशी मी हासलोच व्हतो." भीमराजनं खाली पाहिलं. "मंग गुरुजी जाऊन बसले. ज्या मानसानं जलमभर नाई म्हटलं, तोच आता हो म्हनते. मी ड्रायव्हर मानूस, मी कोन त्यायच्याहून शहाना? गुरुजी म्हनले म्हनून पोरीचं रक्त तपासलं, गुरुजी म्हनले म्हनून गोळी चालू केली. तवा तू म्हनली व्हती का, गुरुजीवर भरोसा ठेवू नको म्हनून?"

मैत्रेयी वहिनीकडे वळली. कौसल्या तर ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. पोरीच्या कळा पाहून पाहून त्या बाईचा जीव थकला होता. "ताई, तुमी नका बोलू," ती म्हणाली. "येक बार तिचं दुखनं जाऊ द्या, मंग मले काय म्हनाचं ते म्हना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रेयी अंघोळीला गेली, तर न्हाणीचं दार लागेना.

"पाइप फुटला तवापासून असंच हाये," कौसल्या चुलीपासून म्हणाली. "खालची फरशीच वर आली. आता भर उन्हाळ्यात पावसाळ्यावानी दार अटकते."

मैत्रेयी ओल्या फरशीकडे पाहतच राहिली. अरे देवा, हे तर खैरमाळचं शेंबडं पोरही सांगेल! इथली काळी माती पाणी प्याली की फुगते, आणि सुकली की फाटते. गावात एक भिंत नाही जिला भेग नाही. घर बांधायचं तर आधी काळी उपसून जोत्यात मुरूम भरतात. खांब तिरपे होतात, दारं अटकतात, आणि माणसं त्या मातीला शिव्या घालत रंधा मारतात. घरात हे सगळं कळतं. माळावर हार-फुलं दिसली की मात्र तीच माणसं आपली अक्कल चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतात.

दुपारी बाबा जेवून आडवा झाला असताना ती गोटाळीवर गेली. सगळा माळ फाटला होता, भेगांत हात जाईल असा. पण वाकलेल्या गोट्याच्या पोटाखाली, मावळतीच्या बाजूला, एकही भेग नव्हती. वर कोरडी धूळ पसरलेली, आणि ती बाजूला सारली तर खाली माती काळीभोर, ओली, गच्च. उलट उगवतीच्या बाजूला, उंचवट्याच्या कडेला, जिथून भक्त मुठी भरायचे, तिथं चांगला हातभर खळगा झाला होता. एकीकडून फुगलेली माती गोट्याला वर ढकलत होती, दुसरीकडे त्याची टाच खळग्यात उतरत होती. मग गोटा सरळ होणार नाही तर काय करणार? निम्मा चमत्कार पाण्याचा होता आणि निम्मा भक्तांच्या मुठींचा.

आणि ती घाबरलीही. कारण सरळ झाल्यावर गोटा तिथंच थांबायला बांधील नव्हता. तो पुढे उगवतीकडे कलंडणार होता. बाबा उर्वशीची बाज तिथंच ठेवायला सांगत होता.

ती धावत गेली ती गुरुजींकडेच. दुसरं कोण होतं? गोटाळीला लागून गुरुजींची संत्र्याची बाग. बाबा त्यांच्याच ठिबकचं पाणी चोरत असणार, अशी तिची खात्री होती. गुरुजींना ठाऊक नसेल, म्हातारपणी फसले असतील, तिनं आपलं आपण जुळवून टाकलं होतं. पडवीत बसून तिनं एका दमात सगळं सांगितलं. ओलीचं, खळग्याचं, बाजेचं.

गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "हे अजून कोनाले सांगितलं?"

"कोनालेच नाई. सगळ्यात आधी तुमच्याकडं आली."

"बरं केलं, पोरी. मी पाहतो. तू आता कोनापाशी बोलू नको."

तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. ती घरी आली, पोटभर जेवली, भाचीची वेणी घातली. गुरुजी पाहतो म्हणाले म्हणजे झालं.

सकाळी माळावर बाबा आरोळ्या देत होता. "आयका बाप्पा! राजाची परीक्षा जवळ आली. आज ना उद्या कोनीतरी शिकली-सवरली बाई इथं येईन, आन् म्हनंल, पानी मुरलं, माती फुगली, खड्डा पडला! राजानं मले सपनात सांगितलं. तिच्या नादी लागान तर लेकराबाळाले भोगा लागंल!"

पाणी. माती. खड्डा. हे तीन शब्द तिनं जगात एकाच माणसापाशी काढले होते. मैत्रेयीनं सतरंजीकडे पाहिलं. गुरुजी जमिनीकडे पाहत होते.

ती तडक बागेत गेली. संत्र्याची झाडं पाण्यावाचून करपली होती, पण मोटार चालू होती. शेताच्या धुऱ्यावर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग होता. तो तिनं उचकला तर काळी नळी बांधाखालून सरळ गोटाळीकडे गेलेली.

मागे गुरुजींच्या काठीचा आवाज झाला.

"झाडं वाळून राह्यली गुरुजी, आन् पानी गोट्याले?"

गुरुजींनी नाकारलं नाही. बांधावर बसले आणि वर्गात सांगावं तसं सांगायला लागले. मुरुमासाठी जेसीबी घेऊन माणसं आली, कड्यातले दोन गोटे उपसून नेले. तक्रारी केल्या, कोणी फिरकलं नाही. "फलकाले कोनी भेत नाई, मैत्रेयी. देवाले भेतात. फुलचंद आठवडी बाजारात दंतमंजन विके. मीच आनला त्याले. आता सांग, येक जेसीबी आला का इकडं?"

"आन् उर्वशीच्या गोळ्या?"

"ते मी नाई सांगितलं. औषधाचं फुलचंदनं आपल्या मनानं काढलं."

"तुमी मना केलं?"

गुरुजी काठीनं ढेकूळ फोडत राहिले.

"गुरुजी, माह्या दादानं गोळ्या तुमच्याकडं पाहून बंद केल्या. त्याले येवढंच सांगा, चालू कर. बाकी गोटा उभा करा नाई तर आडवा करा!"

"पुनव होऊ दे. गोटा उभा राह्यला, लोकायच्या मनात बसलं, का फुलचंदले घालवतो. मंग मीच सांगतो भीमराजले. चार दिवसानं काय होते?"

चार दिवसानं काय होते! मैत्रेयीला वाटलं, आपण चुकीच्या माणसासमोर उभे आहोत. चेहरा तोच, चष्मा तोच, आवाज तोच.

"मी लोकायले सांगन," ती म्हणाली.

"सांग. मले विचारतीन. मी नाई म्हनन." गुरुजी उठले. "माफ कर पोरी, पन गोटाळी अजून हजार वर्सं राहिली पाह्यजे."

तिनं त्याच दुपारी भीमराजला सांगितलं. भीमराज गुरुजींकडे गेला आणि लालबुंद होऊन परत आला. "ते म्हनते, तुह्या समजन्यात चूक झाली, ते नळी बागेच्या ठिबकची हाये. गुरुजीवर आळ घेतं मैत्रेयी? लाज नाई वाटत?" सख्ख्या भावानं असं म्हटल्यावर ती माजघरात जाऊन ढसाढसा रडली. ती रडली ते भावासाठी नाही. गुरुजींनी तिच्याबद्दल खोटं सांगितलं होतं, आणि तेही तिची काळजी असल्यासारखं.

चार दिवसांत काय होतं ते दुसऱ्याच दिवशी कळलं. उन्हात बसून बसून उर्वशीच्या पायांत कळा सुरू झाल्या, छाती दुखायला लागली, ताप चढला. तिचं ओरडणं शेजारपाजारच्या घरांत ऐकू जात होतं. भीमराजनं काळीपिवळी अशी हाणली की यवतमाळ येईपर्यंत ती मधे कुठं थांबलीच नाही. मोठ्या दवाखान्यात तिला रक्त चढवावं लागलं. डॉक्टरांनी बजावलं, अजून उशीर झाला असता तर हाती लागली नसती, आता आठवडाभर हलवायचं नाही.

पण पुनवेच्या सकाळी भीमराजनं कागदावर सही करून पोरगी बाहेर काढली. "दोन घंट्याचा सवाल हाये. गोटा उभा राह्यला का परत आनतो." बापाचं काळीज दोन्हीकडे बांधलेलं होतं. डॉक्टरांवरही भरोसा, आणि गुरुजी बसतात त्या जागेवरही.

मैत्रेयी आदल्या दिवशीच दवाखान्यातून गावात परतली होती. भाऊ येणार हे तिनं ओळखलं होतं.

विहारात वंदना सुरू होती, आणि तिथं जायच्या वाटेवरची निम्मी माणसं गोटाळीकडे वळत होती. माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. ओळंब्याची दोरी आता गोट्याच्या डोक्याला जवळजवळ टेकली होती. बाबा घामाघूम होऊन नाचत होता. पळसाच्या सावलीत बाजेवर उर्वशी निजली होती, हाताला सलाइनची सुई तशीच चिकटवलेली. आता बाज उचलून गोट्याच्या पायाशी न्यायची होती.

मैत्रेयीनं डोक्यावरचं घमेलं बाजेजवळ उतरवलं. घमेल्यात काळी माती ठासून भरलेली, आणि तीत एक वीट अर्धी रोवलेली, एका बाजूला वाकलेली. जिकडे वीट वाकली होती त्या बाजूची माती तिनं रात्रभर भिजू दिली होती. फुगून ती विटेला रेटत होती. दुसरी बाजू कोरडी ठाक होती.

"वहिनी, मले येकच काम करून द्या. मंग बाज तुमीच उचला," ती म्हणाली. "ह्या कोरड्या बाजूची माती प्रसाद म्हनून काढा. मुठी मुठीनं, तिथं काढता तशीच."

कौसल्येनं नवऱ्याकडे पाहिलं. मग एक मूठ काढली. दुसरी काढली. आजूबाजूची माणसं वाकून पाहायला लागली. वीट हलली, सरळ उभी झाली.

"आँ! हे बी उठली!" कोणीतरी ओरडलं.

"अजून काढा," मैत्रेयी म्हणाली.

कौसल्येनं अजून एक मूठ काढली आणि वीट सरळ होऊन थांबली नाही. ती पुढे कलंडून तिच्या हातावर आदळली. कौसल्येनं हात झटकन मागे घेतला, आणि तिची नजर हातावरून गोट्याकडे, गोट्यावरून बाजेकडे गेली. तिचा चेहरा पांढरा पडला.

गलका ऐकून बाबा तिथवर आला होता. तो काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "पाह्यलं? राजाचा परताप! ह्या मातीत बी राजा हाये!"

"ही माती शाळेमागच्या संडासाच्या नव्या खड्ड्यातली हाये," मैत्रेयी म्हणाली. "तिथं कोनता राजा निजला हाये बाबा?"

हसू आधी बायकांतून फुटलं. मग गडी हसले, मग सासवाही हसल्या, आणि बाबाचं तोंड पाहण्यासारखं झालं. पण सगळे हसले नाहीत. पुढच्या रांगेतले हात अजून जोडलेलेच होते. "गुरुजीले विचारा! गुरुजीले विचारा!" असा घोष तिकडून सुरू झाला. गुरुजी सतरंजीवर उभे राहिले, बाजेकडे पाहिलं, आणि परत खाली बसले.

"दादा," मैत्रेयी भावाला म्हणाली, "मी म्हनली म्हनून नको आयकू. तो गोटा आज सरळ राहनार नाई. तो उगवतीकडं पडन. माती तशीच हाये, खड्डा तसाच हाये, वीट तू आताच पाह्यली. बाज तिथं न्याची का नाई, तूच ठरव."

भीमराज घमेल्याजवळ उकिडवा बसला. कोरडी माती, ओली माती, पडलेली वीट, त्यानं सगळं बोटानं चाचपून पाहिलं. मग उठला, बाजेची एक बाजू त्यानं धरली, दुसरी कौसल्येनं धरली, आणि दोघं बाज घेऊन गोट्याच्या उलट, काळीपिवळीकडे चालायला लागले.

धंदा बुडताना पाहून बाबा बेंबीच्या देठापासून ओरडला, "शेवटची माती! आज घेतली तर घेतली!" पुढची रांग खळग्यावर तुटून पडली. मैत्रेयी "मागे सरा! मागे!" म्हणत पळाली, दोन बायकांना तिनं दंडाला धरून ओढलं. पाचपन्नास मुठी एकदम मातीत घुसल्या. गोटा क्षणभर ओळंब्याला लागून सरळ उभा राहिला. जयजयकार पुरता गळ्याबाहेर पडायच्या आतच त्याचं डोकं पुढे आलं. ओळंब्याची दोरी तुटली. माणसं एकमेकांवर पडत झडत पळाली, आणि हजारो वर्षं वाकूनही न पडलेला गोटा बरोबर बाजेसाठी सारवलेल्या जागेवर धाडकन आडवा होऊन दुभंगला.

धूळ बसल्यावर रडारड झाली, पण कोणाला खरचटण्यापलीकडे लागलं नव्हतं. उघड्या पडलेल्या चिखलात काळी नळी दिसत होती. तिच्या टोकातून अजून पाणी ठिबकत होतं. रामधन गवंड्यानं ती हातात धरून ओढली, तसतशी माती उकलत गेली, थेट गुरुजींच्या धुऱ्यापर्यंत. सगळ्या गावानं ती वाट डोळ्यांनी पाहिली. फुलचंदबाबा तोवर नेरच्या रस्त्याला लागला होता. जादूटोणाविरोधी कायद्यानं त्याला संध्याकाळी बसस्टँडवर गाठलं.

गुरुजी फुटलेल्या गोट्याजवळ उभे होते. खळग्याच्या कडेला जुन्या काळ्या-तांबड्या खापरांचा चुरा पायदळी पडला होता. जेसीबीनं दोन गोटे नेले, पण उंचवट्याला हात लावला नव्हता. भक्तांनी तो मुठी मुठीनं उपसून पिऊन टाकला होता.

"मले गोटाळी वाचवाची व्हती," गुरुजी कोणाकडेच न पाहता म्हणाले.

भीमराज गाडीजवळून परत आला होता. मैत्रेयीला वाटलं, हा आता हात उचलतो. त्यानं हात उचलला नाही. तो म्हणाला, "तुमी बसले व्हते म्हनून मी बसलो, गुरुजी. बाबाले कुत्रं नाई विचारत." त्यानं गाडीकडे बोट केलं. "माही पोरगी मेली असती तर तुमी काय सांगितलं असतं मले?"

गुरुजींनी मैत्रेयीकडे पाहिलं. तिनं काहीतरी बोलावं, सावरून घ्यावं, अशी ती नजर होती. तिला बोलता आलं असतं. हेतू चांगला होता, म्हातारा खचला होता, सगळं खरं होतं. पण तिला आठवलं ते "चार दिवसानं काय होते." ती वळली, गाडीत जाऊन बसली, आणि भाचीचं डोकं मांडीवर घेतलं.

उर्वशी वाचली. पंधरा दिवसांनी घरी जायच्या वेळी डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. एरवी भीमराज त्या खिशात घालून निघायचा, आज तो खुर्ची ओढून समोर बसला.

"डॉक्टरसायब, हे गोळी आत जाऊन काय करते, मले सांगा. नाई दिली तर काय होते, तेबी सांगा."

बाहेर रांग होती, पण डॉक्टरांनी कागदावर गोल पेशी काढली, विळ्यासारखी काढली, नस काढली. भीमराजनं तीनदा विचारलं. कळेपर्यंत विचारलं. मैत्रेयी दाराशी उभी राहून ऐकत होती. ही गोळी तो आधी गुरुजी म्हणाले म्हणून देत होता, आणि गुरुजी बसले म्हणून त्यानं बंद केली होती. मधे गोळीचा विचार कधी झालाच नव्हता.

वाचणाऱ्यांनो, भोंदू ओळखणं तसं सोपं आहे. त्याचे कपडे, त्याच्या आरोळ्या, त्याचं दंतमंजन, सगळं दिसतं. आपण फसतो ते त्याच्या शेजारी बसलेल्या आपल्या माणसामुळे. म्हणून बाबाला विचाराल तसंच गुरुजींना विचारा, डॉक्टरांना विचारा, ही गोष्ट सांगणाऱ्यालाही विचारा. जो खरा असेल तो रागावणार नाही, कागद ओढून पेशी काढून दाखवेल. आणि जो "माझ्यावर भरोसा नाही का" एवढंच म्हणेल, त्याच्यासमोरून आपलं लेकरू उचला आणि चालायला लागा.